टोपी-उपरण्याचा पुरावा

वकिलांच्या तोंडून ‘टोपी’ हा शब्द निघाला आणि जीवराम आबांचा हात आपसूक स्वतःच्या डोक्याकडे गेला. टोपी जागच्या जागी होती. तरीही आबांना वाटलं, कोणीतरी धुळ्याहून येऊन, भर आखाजीच्या, अक्षय्यतृतीयेच्या दिवशी, असोद्यात त्यांच्याच ओट्यावर त्यांची टोपी उडवली.

“पुन्यांदा वाचा,” ते म्हणाले.

मोतीलाल वकिलांनी चष्मा सारखा केला. ते सकाळीच जळगावहून टांग्यानं आले होते. ज्या मोटारीवरून दावा चालला होता ती त्यांना आणायला जाऊ शकली नव्हती, आणि त्याचं त्यांना नवलही वाटलं नव्हतं. मोटार समोर खळ्यात उभी होती. तिच्या पायदानावर एक कोंबडी बसली होती आणि तिला उठवायची घरात कोणालाच घाई नव्हती.

“‘सदर मोटार दुरुस्त करण्यास आमचा फिटर असोदे येथे वेळोवेळी गेला असता, वादीने त्यास प्रत्येक वेळी पोटभर जेवू घालून, टोपी व उपरणे देऊन आपला संतोष व्यक्त केला. सबब मोटारीत मूळचा दोष असल्याची वादीची तक्रार खोटी व मागाहून सुचलेली आहे.’ ही त्यांची कैफियत, आपल्या दाव्याला दिलेलं उत्तर, आबा. धुळ्याच्या कोर्टात दाखल झाली.”

“संतोष?” आबांचा आवाज चिरकला. “माहा संतोष? माह्या पायाले फोड आले त्या गाडीमागे चालू चालू, अन् गाडी इकनारा तो बन्सीलाल मले संतोष झाला म्हनतो?”

आबांच्या पत्नी सुगंधाबाई हातात झारा घेऊन तशाच बाहेर आल्या. कढईत सांजोऱ्या होत्या, पण त्यांना आता सांजोऱ्यांची पर्वा नव्हती.

“काय लिव्हलं म्हने जेवनाचं?”

“वहिनी, जेवू घातलंत ते त्यांनी पुरावा म्हणून घातलं आहे.”

“माह्या हातचं भरीत खाल्लं त्या फिटरानं. तीन डाव वाढून घेतलं, वर म्हने, असं भरीत धुयात मियत नही. अन् आता भरताले कोर्टात उभं करता का हे लोक? मेले नही लाजत खाल्ल्या अन्नाले!”

सगळ्यांचा संताप खरा होता, पण त्यातली अडचण वकिलांना दिसत होती. या घराची रीतच तशी. बाहेरगावचा माणूस कामासाठी उंबरठा चढला की त्याला रिकाम्या पोटी आणि उघड्या डोक्यानं जाऊ द्यायचं नाही. तलाठी आला, टोपी. गुरांचा डॉक्टर आला, टोपी. बन्सीलाल शेठनं मोटार धाडली तेव्हा ती घेऊन येणाऱ्याला टोपी, आणि ती बंद पडल्यावर उघडून बघणाऱ्यालाही टोपी. फिटर दर वेळी यायचा, काहीतरी खोलायचा, काहीतरी आवळायचा, मोटार गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत फिरवून आणायचा, जेवायचा, उपरणं खांद्यावर टाकून निघून जायचा. पुढच्या आठवड्यात मोटार पुन्हा नशिराबादच्या अलीकडे वाफ सोडत उभी. पाणी उकळायचं, इंजिन गुदमरायचं आणि थंड होईपर्यंत हलायचं नाव घ्यायचं नाही. असं ती नवीकोरी दारात आली तेव्हापासून चाललं होतं. वर्षभराची हमी लिहून दिलेली. त्या वर्षात मोटार कमी चालली आणि फिटरच जास्त.

“आता पुढचं ऐका,” वकील म्हणाले. “कैफियत ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट तोंडी आहे. त्यांच्या वकिलाकडून निरोप आलाय. शेठ तडजोडीला तयार आहेत.”

तोताराम इतका वेळ खांबाला टेकून नुसता ऐकत होता. तो सरळ बसला.

जीवराम आबांचा हा धाकटा भाऊ जळगावला राहायचा, केळीचे वॅगन भरून दिल्लीकडे पाठवायचा. शेत आबांचं, व्यापार तोतारामाचा, आणि मोटार दोघांची. मोटार घ्यायची हौस त्याचीच होती. त्यामुळे मालधक्क्यावर हसं झालं तेही त्याचंच. तो दिसला की कोणी ना कोणी विचारायचं, “काय तोताराम शेठ, तुमच्या किटलीत आज चहा झाला का?” पहिल्यांदा तोही हसला होता. आता ज्येष्ठात त्याच्या मुलीचं, लताचं लग्न होतं, सोयरे सावद्याचे, बडे लोक. नवरदेवाला याच मोटारीतून मिरवायचं असं सुपारीच्या दिवशीच ठरलेलं. नवरदेव किटलीत बसलाय आणि वऱ्हाड ढकलतंय, हे चित्र तोतारामाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

“काय देतो म्हने?” त्यानं विचारलं.

“जुनं इंजिन काढून नवंकोरं बसवून देतो म्हणतो. ज्येष्ठाच्या आत.”

“घ्या मंग! अजून काय पाह्यजे?”

“काय मागतो ते बी इचार,” आबा म्हणाले.

वकिलांनी उगाच घसा साफ केला. “दावा मागे घ्यायचा. आणि राजीनाम्यात, म्हणजे तडजोडीच्या कागदात, असं लिहायचं, की आजवर जो बिघाड झाला तो चालकाच्या निष्काळजीपणानं झाला. पाणी वेळेवर घातलं नाही, गाडी दामटली. खाली आबांची सही आणि चालकाची सही. शेठला खानदेशात अजून मोटारी विकायच्यात, आबा. माल खराब निघाला असं कोर्टाच्या दप्तरी राहिलेलं त्यांना नको आहे.”

चालक म्हणजे निंबा. तो पायरीवर बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

इंदिराबाई झोक्यावरच्या लेकीसुनांना ओरडून ओट्यावर आल्या. एदलाबादेहून आखाजीला माहेरी आलेल्या या बहिणीचा राग सगळ्यांच्या रागाहून जुना होता. गेल्या आखाजीला ही मोटार त्यांना आणायला गेली, आणि वरणगावपाशी बसली. सोबत सासरे होते. त्या म्हाताऱ्याला रणरणत्या उन्हात चालावं लागलं, आणि त्यानंतर वर्षभर सासरी एकच वाक्य चाललं होतं, “तुह्या भावाच्या मोटारीपेक्षा माहे पाय बरे.” यंदा इंदिराबाई मुकाट बैलगाडीनं आल्या.

“नवं इंजिन देतो तं घ्या ना भाऊ,” त्या म्हणाल्या. “कोर्टात काय मियनार हाये? वर्सानुवर्सं तारखा. मले एकडाव त्या मोटारीत बसून एदलाबादेले जाऊ द्या, मंग काय लिव्हायचं ते लिव्हा.”

“अक्का बरोबर बोलते,” तोताराम म्हणाला.

“काय लिव्हलं ते ऐकलं का तू, इंदा?” आबांनी विचारलं. “निंबानं गाडी बिघडोली असं लिव्हायचं.”

इंदिराबाईंनी पायरीवरच्या निंबाकडे पाहिलं. निंबा त्यांच्या मधल्या भावाचा, सुकदेवाचा मुलगा. सुकदेव जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. आज सकाळीच निंबानं बापाच्या नावानं घागर भरली होती, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं होतं आणि गोवरीच्या निखाऱ्यावर नैवेद्याची आगारी टाकताना धुरानं सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी आलं होतं. इंदिराबाईंच्या मात्र धूर नव्हता तेव्हाही आलं होतं.

“निस्तं लिव्हायचंच ना,” तोताराम म्हणाला. “कागदावर. कागद धुयाच्या कोर्टात दबून राहीन, कोन पाह्यते? असोद्यात कोनी म्हननार हाये का निंबानं गाडी बिघडोली म्हनून?”

“एस्टीवाले पाहतील,” वकील सावकाश म्हणाले. ते त्यांना सांगायचं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही. “निंबाची निवड होत आलीय ना तिथं? गाडी चालवायची परीक्षा पास झालाय तो. उद्या कोणी अर्ज केला, की हा चालक निष्काळजी असल्याचं यानंच कोर्टात सही करून कबूल केलंय, तर ते काय त्याच्या हातात गाडी देतील? मी बरा-वाईट सल्ला देत नाही, आबा. मी फक्त काय होईल ते सांगतो.”

“मंग तुमचा सल्ला काय?”

“दावा चालवायचा तर आपल्याला सिद्ध करावं लागेल की गाडी पहिल्यापासून अशीच आहे, आणि पाणी-बिणी सगळं वेळच्या वेळी घातलं होतं. निंबा सांगेल, पण तो पडला चालक, स्वतःची कातडी वाचवतोय म्हणतील. तुम्ही सांगाल, तुम्हाला ते टोपीवरून उलटंपालटं करतील. घेतली ना गाडी, वापरली ना, फिटरला मान दिला ना, मग आता काय कुरकुर? तिसरा साक्षीदार पाहिजे. गाडीत बसलेला.”

“तिसरा कोन बसते त्या गाडीत?” तोताराम हसला. “ज्याले घर सोडून पयायचं हाये तो.”

कोणी हसलं नाही.

“भाऊ, मी सरय सांगतो,” तोतारामाचा आवाज बदलला. “माह्या पोरीचं लगन हाये. सोयऱ्यासमोर माही शोभा करायची असीन तं चालवा दावा. पन मंग माहं मले येगयं करून द्या. मोटार, केयीचा मया, बठ्ठंच. मी माह्यं पाहीन.”

वेगळं हा शब्द या घरात कधी ओट्यावर उच्चारला गेला नव्हता. आत कढईतली सांजोरी करपल्याचा वास आला. सुगंधाबाई जागच्या हलल्या नाहीत. आबांनी धाकट्या भावाकडे बघितलं आणि नजर फिरवून खळ्याकडे लावली. त्यांना वाटलं, आपण या मोटारीवर रागावलो, बन्सीलालवर रागावलो, फिटरवर, उकळत्या पाण्यावर. आणि मोटारीनं मात्र मुकाट खळ्यात बसून घराचे दोन भाग करायला काढले. त्यांच्या मनात आलं, एका सहीनं हे मिटत असेल तर. पण पुढचा विचार त्यांनी केला नाही. करायची हिंमत झाली नाही.

निंबा तेवढ्यात उठला.

त्याला खरं तर ओरडायचं होतं. तोताराम नानाच्या तोंडावर सांगायचं होतं, की तुमची किटली मी हातानं ढकलत आणली तेव्हा तुम्ही मागच्या सीटवर बसून सुपारी कातरत होता. पण लहानपणापासून याच घराचं खाल्लेलं. बाप गेल्यावर आबांनी आपल्या पोरांच्या आधी त्याला वह्या घेतल्या, तोतारामानं त्याला स्वतः जळगावला नेऊन मोटार शिकवली.

“आबा, देतो सही,” तो म्हणाला. “कुठी करायची ते सांगा. नानाच्या लताचं लगन धडपनी होऊन जाऊ द्या. एस्टीचं काय, नही तं नही.”

“शाना पोरगा!” तोताराम म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते बरं वाटलं नाही.

आबांनी डोळे मिटले. ते नको म्हणाले नाहीत, ही गोष्ट सगळ्यांनी पाहिली. दाराआडून बेबाबाईंनीही पाहिली.

बेबाबाई, सुकदेवाची विधवा, निंबाची आई. या घरात आल्यापासून त्या जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बोलल्या नव्हत्या. काही सांगायचं असलं तर सुगंधाबाईंच्या कानात, आणि सुगंधाबाईंनी ते आबांना सांगायचं. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा त्यांनी आबांना काही विचारलं असेल तर ते जावेच्या तोंडून. आताही त्या दाराच्या आत, पदर कपाळाखाली ओढून, खाली बघत उभ्या होत्या. त्यांच्या मनात राग भरून आला होता आणि त्या रागाचं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. बन्सीलालचा राग नव्हता. धुळ्याचा शेठ खोटं बोलतो, तो बोलणारच. पण हे? आज सकाळी ज्याच्या नावानं घागर भरली, त्याच्याच पोराचं नाव दुपारी कोर्टात विकायला काढलं, आणि कोणी नको म्हणत नाही?

त्यांनी सुगंधाबाईंकडे पाहिलं. सुगंधाबाई रडत होत्या. त्यांच्या तोंडून आज काही जाणार नव्हतं.

बेबाबाईंनी उंबरठा ओलांडला.

“आबा,” त्या म्हणाल्या, “माह्या पोरानं पानी टाकलं.”

आबांनी डोळे उघडले. त्यांनी हा आवाज इतक्या वर्षांत भिंतीपलीकडून, चुलीपाशी, झोक्यावरच्या गाण्यांत ऐकला होता. स्वतःला उद्देशून तो आज पहिल्यांदा आला. ते गोंधळून उठून उभे राहिले, जशी काही बाहेरची कोणी मोठी बाई घरात आली.

“त्यानं पानी टाकलं,” बेबाबाई पुन्हा म्हणाल्या. पदर डोक्यावर होता, नजर जमिनीवर होती, पण आवाज ठाम होता. “माह्या डोयाच्या औषधाले तो मले जळगावले नेये. दर डावा मी त्या गाडीत व्हती. मले ठावं व्हतं ते तापते म्हनून. मी मांडीवर पान्यानं भरेल कयशी घेऊन बसे. निंघायच्या पयले तो माह्यासमोर पानी टाके, अन् रस्त्यात कयशी रिकामी व्हये. तरी ते उकये. आता सांगा, गाडी कोनी दामटली? मांडीवर भरेल कयशी घेऊन बसलेल्या मायले घेऊन कोनी गाडी दामटते का?”

वकिलांनी हातातले कागद खाली ठेवले.

“बाई, हे तुम्ही कोर्टात सांगाल?”

“सांगीन.”

“धुळ्याला यावं लागेल. परक्या पुरुषांपुढं उभं राहावं लागेल. ते वाकडेतिकडे प्रश्न विचारतील.”

“इचारू द्या.”

“वहिनी, काहीतरीच काय?” तोताराम पुढे झाला. “आपल्या घरच्या बायका कधी कोर्टाची पायरी चढल्या का? सोयरे काय म्हनतीन?”

“मले सोयऱ्याईचं नका सांगू, भाऊजी. माहा सोयरा निंबा.”

वकिलांनी हात वर करून तोतारामाला थांबवलं. त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला, कचेरीतला. “थांबा. मी शेठचा वकील आहे असं समजा, बाई. उत्तर द्या. आमच्या फिटरला तुमच्या घरानं टोपी-उपरणं दिलं, हे खरं?”

“खरं. म्याच आनून देल्लं आतून.”

“दर वेळी दिलं?”

“दर डावा.”

“म्हणजे त्याचं काम तुमच्या घराला पसंत पडलं. नाहीतर मान कशाला द्याल?”

बेबाबाईंनी कपाळावरचा पदर सारखा केला. इंदिराबाईंना वाटलं, आता ही रडणार आणि आत जाणार. त्यांनी हात पुढे केला, धरायला.

“वकीलसाहेब,” बेबाबाई म्हणाल्या, “याचा बाप आजारी पळला तवा जळगावहून डाक्टर आला व्हता. लई औषधं केली त्यानं. त्याच्या हातून काई झालं नही. याचा बाप गेला. डाक्टर निंघाला तवा या घरानं त्यालेबी टोपी-उपरनं देल्लं. म्याच आनून देल्लं व्हतं आतून, कुकू पुसायच्या आंधी. ते काय त्याचं काम पसंत पळलं म्हनून?”

मोतीलाल वकील पुढचा प्रश्न विचारणार होते. त्याऐवजी त्यांनी चष्मा काढला आणि तो धोतराच्या सोग्यानं ते उगाच पुसत बसले.

इंदिराबाई जाऊन भावजयीच्या शेजारी उभ्या राहिल्या, अगदी खांद्याला खांदा लावून. “मी बी येते साक्षीले,” त्या म्हणाल्या. “अन् माह्या सासऱ्याले बी आनते. त्याले सांगायची लई हौस हाये वरनगावचं. सांगू दे मनसोक्त, जजासमोर.”

“अन् मले इचारा भरताचं,” सुगंधाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “सांगते मी.”

तोतारामानं तिघींकडे बघितलं आणि मग भावाकडे. “भाऊ, तुमचं काय म्हननं? सांगून टाका एकडाव.”

आबा अजून उभेच होते. त्यांना लाज वाटत होती, आणि ती मोटारीची नव्हती. डोळे मिटून आपण जे करू दिलं असतं, त्याची होती. जी बाई आपल्या सावलीलाही आडवी जात नव्हती, तिला उंबरठ्याबाहेर येऊन आपल्याला अडवावं लागलं.

“लिव्हा वकीलसाहेब,” ते म्हणाले. “राजीनामा नही. दावा चालवायचा. साक्षीदार बेबाबाई सुकदेव. तोता, तुले येगयं व्हायचं असीन तं आखाजी झाल्यावर पंच बोलाव, मी सही करीन. लताचं लगन माह्याच घरून व्हईन, अन् नवरदेव घोड्यावर मिरवीन. माहा सोयरा घोड्यावर बसून लहान व्हत नही. पन या पोराचं नाव इकून लगन नही लागनार.”

तोतारामानं पायताणं घातली, चार पावलं गेला, आणि खळ्याच्या तोंडाशी पाठ करून उभा राहिला. गेला नाही, परतही आला नाही.

“एक अडचण आहे,” वकील म्हणाले. “सुट्टी संपून कोर्ट उघडलं की मी अर्ज देणार, की जजसाहेबांनी गाडी प्रत्यक्ष पाहावी. चालू करून. गाडी धुळ्याला न्यावी लागेल. आता ती चालते का?”

“इथून नशिराबादले नही जात.”

“मग मालट्रकवर—”

“ट्रक कसाले?” आबांचा आवाज आता चढला, आणि तो चढलेला ऐकून झोक्यावरची गाणी थांबली. “बैल जुपू. गाडीच्या पुढच्या दांडीले दोर बांधू अन् नेऊ. एरंडोल, पारोया, भर बजारातून. आतापावेतो लपू लपू आनली गाडी घरी, कोनी पाहीन म्हनून. आता पाहू द्या बठ्ठ्याईले. कोनी इचारलं तं सांगायचं, धुयाच्या बन्सीलाल शेठची नवीकोरी मोटार हाये, पाहून घ्या, मंग इकत घ्या.”

“लोक हसतील, आबा.”

“हसू द्या. इतके दिवस माह्यावर हसले. आता शेठवर हसतीन.”

निंबा पायरीपाशीच उभा होता. आईकडे बघायची त्याला हिंमत होत नव्हती. बघितलं तर आपण लहान मुलासारखे रडू, असं त्याला वाटत होतं. काहीतरी कामाचं बोलावं म्हणून तो म्हणाला, “मंग मी बैलं हाकतो, आबा. मी पुढे चालतो.”

“बैलं हाकाले सालदार हाये,” जीवराम आबा म्हणाले. “तू डायवर हायेस या गाडीचा. तू आत बसशीन. चाक धरून बसशीन, धुयापावेतो, लोकायच्या डोयासमोर.”